शाकारणी: जुन्या लहान घराच्या दुरुस्तीचा विसरलेला इतिहास

१/
मराठी मुलखाचा इतिहास म्हटला की गड, वाडे, मंदिरे आणि लेणी डोळ्यांसमोर येतात. ज्या दोन-तीन खणांच्या घरांत या मुलखातील बहुसंख्य माणसे जन्मली आणि नांदली, त्या घरांचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. आज हीच घरे झपाट्याने ‘नवी’ केली जात आहेत. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा, कौलांच्या जागी स्लॅब, सारवलेल्या जमिनीवर चकचकीत फरशी. जुन्या घराला दुरुस्ती हवीच. ती त्या घराचा स्वभाव ओळखून झाली नाही, तर पैसा, घर आणि इतिहास या तिन्ही गोष्टी गमावण्याची वेळ येते, हे या धाग्याचे म्हणणे आहे.

२/
आरंभ मोजमापापासून करावा लागेल. जुन्या मराठीत घर चौरस फुटांत मोजत नसत, ते खणांत मोजत. दोन तुळयांच्या मधली जागा म्हणजे एक खण. तुळयांवर आडव्या टाकलेल्या कड्या न वाकता जेवढे अंतर पेलतील, तेवढाच खण मोठा होई. म्हणजे घराचा आकार लाकूड ठरवीत असे. भावाभावांच्या वाटण्यांत ‘इतके खण थोरल्याकडे, इतके धाकट्याकडे’ अशीच भाषा असे. घर वाढवायचे तर एक खण वाढवायचा, मोडायचे तर एक खण उतरवायचा. या घराच्या कल्पनेतच पुढची भर आणि दुरुस्ती गृहीत धरलेली होती.

३/
दुसरा शब्द ‘पांढरी’. मराठी गावाचे दोन भाग असत: पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या एकाच ठिकाणी मातीची घरे उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. राख, शेण, भुसा आणि पडक्या भिंतींची माती साचून वस्तीची जागा उंचावत गेली आणि तिचा रंग पालटला. देशावर भिंती लिंपायला आणि माळवदावर अंथरायला हीच पांढरी माती वापरली जाई. आजोबांच्या घराची माती नातवाच्या भिंतीत येई. गावे ‘पांढरीच्या टेकाडावर’ वसलेली दिसतात, त्यामागे हे कारण आहे.

४/
अशाच एका टेकाडाने महाराष्ट्राच्या लहान घराचा सर्वांत जुना तपशील दिला. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या या कामात ताम्रपाषाणयुगातील १३०हून अधिक घरांचे अवशेष उजेडात आले. काळ साधारण इ. स. पूर्व १६०० ते ७००. आधीच्या टप्प्यांत ऐसपैस चौकोनी घरे, शेवटच्या टप्प्यात लहान गोल झोपड्या. हवामान कोरडे होत गेले आणि शेतीवर जगणाऱ्या लोकांची ओढगस्त वाढली, असा अर्थ उत्खननकर्त्यांनी लावला.

५/
येथे इतिहासप्रेमींनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. इनामगावचा हा इतिहास कोणत्याही शिलालेखात नव्हता. चोपलेल्या जमिनी, खांबांचे खळगे, चुली आणि बळद यांच्यावरून तो वाचला गेला. सामान्य माणसाचा दस्तऐवज म्हणजे त्याच्या घराची जमीन आणि भिंत. सत्ताधाऱ्यांनी बखरी लिहवून घेतल्या, ताम्रपट दिले. बाकीच्यांच्या जगण्याची नोंद गिलाव्यांच्या थरांत राहिली. म्हणून जुन्या घराचा गिलावा खरवडणारा माणूस, त्याला जाणीव असो वा नसो, एक कागद फाडत असतो. काही कागद फाडावे लागतातच, तरी वाचल्याशिवाय फाडू नयेत एवढीच अपेक्षा आहे.

६/
ही घरे प्रदेशागणिक वेगळी होती आणि त्या वेगळेपणाला कारण होते. कोकणात पाऊस कोसळतो आणि जमिनीत जांभा आहे. तेथे चिऱ्याच्या भिंती, उंच जोते आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून पुढे काढलेले उतरते छप्पर. पुण्या-साताऱ्याकडे दगडी जोत्यावर लाकडी सांगाडा आणि त्यात मातीच्या किंवा विटांच्या भिंती. मराठवाड्यात पाऊस कमी, ऊन प्रखर. म्हणून दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती आणि वर सपाट मातीचे माळवद. विदर्भात कुडाच्या किंवा मातीच्या भिंती आणि कवेलूंचे छप्पर. प्रत्येक ठिकाणी पहिला विचार पाण्याचा आणि उन्हाचा.

७/
यातले कोणतेही घर एकदा बांधून विसरण्याजोगे नव्हते. मृग लागण्यापूर्वी कोकणात घर शाकारले जाई. कौले उतरवून झाडणे, फुटकी बदलणे, कुजलेली रीप काढणे, गवती छप्पर असेल तर नवे गवत चढवणे. पावसाच्या तोंडावरच्या मातीच्या भिंतीला झावळ्यांची झापे बांधली जात. देशावर माळवदाच्या भेगा पांढऱ्या मातीने बुजवल्या जात. दिवाळीपूर्वी भिंतींना चुना, कडेला गेरू, जमिनीला सारवण. वर्षातून दोनदा घराच्या अंगावरून जाणत्या माणसाचा हात फिरे. वाळवी कुठे लागली, पाणी कुठे मुरते, हे त्या हाताला वेळेवर कळे.

८/
याच सुमारास इंग्लंडमध्ये एक वाद पेटला होता. जुन्या चर्चांचे ‘पुनरुज्जीवन’ करण्याच्या नावाखाली त्यांचे खरे थर खरवडून टाकले जात होते. त्याविरुद्ध विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन केली. एकदाच मोठा बदल करण्याऐवजी सतत निगा राखावी, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. वास्तुरक्षणाच्या जागतिक चर्चेत ही भूमिका पायाभूत मानली जाते. मॉरिस यांना जे तत्त्व म्हणून मांडावे लागले, ते कोकणातला शेतकरी दरवर्षी मे महिन्यात शिडीवर चढून पार पाडीत होता.

९/
तरीही या जुन्या व्यवस्थेचे नुसते गुणगान करणे अप्रामाणिक ठरेल. ही निगा कुणाच्या कष्टांवर चालत होती? सारवण, पोतेरे, शेण-माती कालवणे हे सारे बायकांच्या वाट्याला, रोजच्या कामांवर अधिकचे. सुतार बलुतेदार, त्याचे काम जातीने बांधलेले आणि मोबदला खळ्यावरच्या धान्यात. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत तर चांगले लाकूड आणि चुना पोचणेच दुरापास्त. ज्या बाईने आयुष्यभर आठवड्यातून दोनदा घर सारवले, तिला फरशी हवीशी वाटली तर तो तिच्या अभिरुचीचा दोष नाही. दुरुस्तीविषयीचा कोणताही सल्ला या कष्टांची आठवण ठेवूनच दिला पाहिजे.

१०/
‘जुने ते शुद्ध’ हाही समज टिकत नाही. कोकणी घराची ओळख मानले जाणारे मंगळुरी कौल मुळात कारखान्याचे अपत्य आहे. बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये मंगळूर येथे पहिला कौलांचा कारखाना काढला. जॉर्ज प्लेब्स्ट हे त्यामागचे नाव. त्याआधी होती ती कुंभाराच्या चाकावरची नळीची कौले किंवा गवत. एकमेकांत अडकणारे मंगळुरी कौल वाऱ्याने सरकत नसे, माकडांच्या उड्यांतही बरे टिके. लोकांनी ते आनंदाने स्वीकारले. ते त्या घराला मानवले, कारण छप्पर उतरतेच राहिले, वजन आटोक्यात राहिले आणि फुटके कौल एकेक बदलता आले.

११/
म्हणून नव्या वस्तूची कसोटी तिच्या वयावर लावू नये. ती जुन्या घराशी जमवून घेते का, एवढेच पाहावे. चुना असा जमवून घेणारा होता. चुनखडी साधारण ९०० अंशांवर भाजली की कळीचा चुना मिळे. तो विरवून, वाळू किंवा सुरखी घालून, बैलाच्या घाणीत मळला जाई. बेलफळाचे पाणी, गूळ, हिरडा असे पदार्थही त्यात पडत. भिंतीवर बसल्यावर चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा चुनखडीच बने. मुंबईतील ‘चुनाभट्टी’ हे उपनगराचे नाव या उद्योगाची खूण आहे. लोणारी समाजाच्या पिढ्या या भट्ट्यांवर राबल्या.

१२/
सिमेंटचे प्रकरण वेगळे. लीड्स येथील गवंडी जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये ‘पोर्टलंड सिमेंट’चे पेटंट घेतले. पश्चिम भारतात १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट बाहेर पडू लागले, १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर बराच काळ सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. परवाना, रांग आणि काळाबाजार यांतून जाणारी ती वस्तू होती. १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. जे इतकी वर्षे दुर्मीळ होते, ते तालुक्याच्या दुकानात पोत्यांनी मिळू लागले आणि सिमेंटचे घर ही प्रतिष्ठेची खूण ठरली.

१३/
भाषेने या प्रतिष्ठेला शिक्कामोर्तब केले. सरकारी नोंदींत मातीच्या भिंतीचे घर ‘कच्चे’, भाजक्या विटांचे आणि काँक्रीटचे ‘पक्के’. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्येही कच्च्या भिंती आणि कच्चे छप्पर हीच पात्रतेची खूण आहे. या योजनांनी असंख्य कुटुंबांना गळके छप्पर सोडून सुरक्षित निवारा दिला, हे नाकारता येणार नाही. पण नीट राखलेले शंभर वर्षांचे मातीचे घर आणि काल उभारलेले पडके खोपट यांना एकच शब्द लावल्याने एक नुकसान झाले. दुरुस्तीने टिकणारे घरही मालकाच्या मनात ‘मोडीत काढण्याजोगे’ ठरले.

१४/
आता प्रत्यक्ष भिंतीकडे. जुन्या भिंतीच्या पायात ओल रोखणारा थर नसतो. जमिनीतली ओल दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी मातीत वर चढते. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा सच्छिद्र असल्यामुळे ती ओल बाहेर पडून वाळून जाते. त्याच भिंतीला सिमेंटचा गिलावा केला आणि वर प्लास्टिक रंग दिला की ओलीची वाट बंद होते. ती आणखी वर चढते, पाण्यातले क्षार गिलाव्यामागे साचतात, भिंतीला लोणा लागतो. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आत माती भुसभुशीत होत जाते. लाकडी खांब अशा भिंतीत बुजलेला असेल तर तो मुळाशी कुजतो आणि वाळवीला निमंत्रण मिळते.

१५/
मग दोन-तीन पावसाळ्यांनी पोपडे सुटतात. उपाय म्हणून कमरेइतक्या उंचीपर्यंत टाइल बसवल्या जातात. ओल टाइलच्या वर निघते. मग टाइल आणखी उंच. दरम्यान बाहेरचा रस्ता प्रत्येक डांबरीकरणात काही इंच वर आलेला असतो आणि दोन फुटांचे जोते अर्धे जमिनीत गेलेले असते. अंगणात पेव्हर ब्लॉक किंवा कोबा घातल्याने पाणी जिरायला जागा उरत नाही, ते भिंतीच्या पायाशी साचते. खर्च दर खेपेस रंगावर होतो, रोग मात्र जोत्यापाशी असतो. अखेर ‘मातीची भिंतच वाईट’ असा निकाल लागतो आणि घर पाडले जाते.

१६/
दुसरी घातक चूक छपराची. कौलारू छप्पर रिपा-वाशांसह दर चौरस मीटरला साधारण ६० ते ७० किलो भरते. चार इंची काँक्रीटच्या स्लॅबचे वजन त्याच जागेवर सुमारे २५० किलो. लाकडी सांगाड्याच्या घरात छपराचा भार खांबांवर असे. भिंत बरेचदा नुसता आडोसा. असे खांब काढून त्याच मातीच्या भिंतीवर स्लॅब टेकवणे म्हणजे जिने कधी ओझे वाहिले नाही तिच्या डोक्यावर चौपट ओझे ठेवणे. स्लॅब हवाच असेल तर त्याला स्वतःचे खांब आणि स्वतःचा पाया लागतो. तो खर्च टाळून केलेली ‘सुधारणा’ घरातल्या माणसांच्या जिवावर बेतू शकते.

१७/
जिवाचा विषय निघाला की किल्लारी टाळून पुढे जाता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनानंतरची पहाट. सुमारे ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे भुईसपाट झाली आणि हजारो माणसे झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. मारणारी होती ती पारंपरिक घरे: दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद. एक फूट जाडीची माती दर चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या आसपास भरते. दरवर्षी भेगा बुजवताना थर वाढत जाई, काही माळवदे दोन फुटांवर गेली होती. जुन्या घरावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास डोळे उघडे ठेवून वाचला पाहिजे.

१८/
तपासाअंती जे दिसले ते अधिक बोलके आहे. जाड भिंत प्रत्यक्षात दोन पातळ भिंती होत्या: बाहेरचे तोंड, आतले तोंड आणि मध्ये मातीगोट्यांची भर. दोन्ही तोंडांना बांधणारे लांब दगड घातलेले नव्हते. हादरा बसताच तोंडे फाकली आणि भिंत ढासळली. याउलट लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा अनेक ठिकाणी उभाच राहिला, भोवतीच्या भिंती तेवढ्या कोसळल्या. म्हणजे दोष ‘जुनेपणा’चा नव्हता. चांगल्या बांधणीचे नियम कधीतरी सुटले होते आणि दुरुस्तीच्या नावाखाली छपरावर माती चढत गेली होती. वाईट दुरुस्ती हीसुद्धा परंपरा होऊ शकते.

१९/
भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्याच कार्यक्रमात इतर गावांतील लाखो घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरणही हाती घेण्यात आले. माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार बांधणारे दुवे घालणे, खांब-तुळईच्या सांध्याला तिरके टेकू देणे, दारे-खिडक्यांच्या वर सलग पट्टा फिरवणे असे हे उपाय होते. त्यांत पारंपरिक ज्ञान आणि आधुनिक अभियांत्रिकी एकत्र आली. जुने घर न पाडता सुरक्षित करता येते, याचा धडा महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. तो तीस वर्षांत विस्मरणात जावा, ही खेदाची बाब आहे.

२०/
शहरांत वेगळे घडले. पुण्याच्या पेठांतील वाड्यांत अनेक बिऱ्हाडे एक-दोन खोल्यांत राहत. तीही लहान घरेच. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीशी बांधली. भाडेकरूंना संरक्षण मिळाले, पण त्या भाड्यात दुरुस्ती परवडेना आणि वर्षानुवर्षे वाड्यांची निगा थांबली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. नदीकाठच्या पेठांत मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. त्यानंतर इमारती आल्या. पुराने काही घरे एका दिवसात नेली, हे खरे. पण दुरुस्ती थांबलेली घरे त्याआधीच पडू लागली होती.

२१/
या पडझडीतून एक बाजार उभा राहिला. वाड्याचे कोरीव दार, गणेशपट्टी, खांब आणि तुळया सुट्या विकल्या जातात आणि उपाहारगृहांत, फार्महाउसांत ‘वाडा-लुक’ म्हणून मिरवतात. लाकूड जळणात जाण्यापेक्षा हे बरे, असा युक्तिवाद होतो आणि तो सर्वस्वी खोटा नाही. पण आपल्या उंबऱ्यापासून तोडलेले दार कुणाचे, कुठल्या गावचे, कोणत्या सुताराच्या हातचे, हे कायमचे हरवते. त्याहून विचित्र गोष्ट ही, की गावातले स्वतःचे खरे घर पाडून त्या जागी बांधलेल्या बंगल्यात विकत आणलेले जुने दार बसवले जाते.

२२/
कायदा येथे फारसा मदतीला येत नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारक ठरायला किमान शंभर वर्षे आणि ऐतिहासिक, पुरातत्त्वीय वा कलात्मक महत्त्व लागते. मुंबईत १९९५ मध्ये वारसा-नियम आले, ते महानगरापुरते. लहान घर जपले जाते ते बहुधा एखाद्या थोर माणसामुळे. मालगुंडचे केशवसुतांचे घर किंवा पुण्याच्या गंज पेठेतील महात्मा फुले यांचे घर ही त्याची उदाहरणे. ती जपली गेली हे उत्तमच. पण शेजारचे घर, जिथे कुणी कवी वा समाजसुधारक जन्मला नाही, तेही त्याच काळाचा साक्षीदार असते. त्याचे भवितव्य केवळ मालकाच्या निर्णयावर असते.

२३/
सेवाग्रामची बापू कुटी या संदर्भात मुद्दाम पाहावी. १९३६ मध्ये महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या या गावी राहायला आले. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू अशा जवळच मिळणाऱ्या साहित्यातून तेथील कुट्या उभ्या राहिल्या. भिंतीवरची सजावटही मातीतच केलेली: मीराबेन यांनी घडवलेली उठावचित्रे. विदर्भाच्या उन्हात आणि पावसात ही कुटी आजही उभी आहे, कारण तिला लिंपणे, शाकारणे, बदलणे अखंड चालू राहिले. तिचा आजचा गिलावा गांधींच्या काळचा नाही, तरी ती कुटी तीच आहे. लहान घराच्या बाबतीत अस्सलपणा जपला जातो तो अशा चालू राहिलेल्या पद्धतीतून.

२४/
मग आज लहान जुने घर दुरुस्त करताना क्रम कोणता असावा? सर्वांत आधी पाणी: छपराची गळती, पन्हळ, जोत्याभोवतीचा निचरा, वर आलेले अंगण खाली घेणे. मग सांगाडा: खांबांचे बुंधे, तुळयांची टोके, फाकलेल्या भिंती, येथे जाणकार अभियंत्याचा डोळा हवाच. मग भिंत: सिमेंट जपून उतरवून माती किंवा चुन्याचा गिलावा. मग सोयी: शौचालय आणि न्हाणी शक्यतो स्वतंत्र पायावर, मातीच्या भिंतीला न चिकटवता, विजेच्या तारा भिंत न खाचता वरून. सर्वांत शेवटी रंग आणि सजावट. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा असतो.

२५/
सजावटीतही घराच्या इतिहासाला जागा आहे. चुन्यात थोडी नीळ किंवा गेरू मिसळून मिळणारे रंग भिंतीला श्वास घेऊ देतात. दक्षिण कोकणात आणि गोव्यात चुन्याच्या गिलाव्यावर काव या तांबड्या मातीने काढलेली कावी चित्रे मंदिरांबरोबर काही घरांतही सापडतात. त्यांवर रंग फासण्यापूर्वी निदान ओल्या फडक्याने भिंत पुसून पाहावी. शहाबादी फरशी किंवा नक्षीदार सिमेंट टाइलही आता इतिहासच. मुंबईत १९२२ साली सुरू झालेल्या भारत टाइल्ससारख्या स्वदेशी उद्योगाची ती खूण असू शकते. ती उखडून वर व्हिट्रिफाइड टाइल घालण्यापूर्वी घासून पाहावी. बहुधा तेवढेच पुरते.

२६/
यावर रास्त आक्षेप येईल: चुन्याचे गवंडी मिळत नाहीत आणि मजुरी परवडत नाही. आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर जुन्या पद्धतीतच आहे. ही घरे कधीच एका फटक्यात दुरुस्त होत नव्हती. एका वर्षी छप्पर, दुसऱ्या वर्षी एक भिंत, तिसऱ्या वर्षी जमीन. मोठे कर्ज काढून एकदाच सगळे ‘नवे’ करण्यापेक्षा हा मार्ग सामान्य मिळकतीला झेपणारा आहे. काम मिळत राहिले तरच गवंड्याचे कसबही टिकेल. सारवण जमत नसेल तर शहाबादी घालावी. ज्या घरात राहणेच कष्टाचे झाले, ते घर कुणीही जपणार नाही.

२७/
आणि काही घरे जातीलच. वाळवीने पोखरलेली, वारसांत विखुरलेली, रस्त्यात गेलेली. अशा वेळी निदान नोंद व्हावी. इतिहासाची आवड असलेल्या तरुणांना यासाठी कोणत्याही पदवीची गरज नाही. खण मोजावेत, नकाशा काढावा, दिवळी, फडताळ, खुंट्या, अडसराची भोके, जमिनीत पुरलेले उखळ यांची छायाचित्रे घ्यावीत. रंगाचे थर किती आणि कोणते, ते पाहावे. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना विचारावे, कारण घराची दुरुस्ती कशी व्हायची हे त्यांच्या हातांना ठाऊक असते. किती खण कधी वाढले, कौले कधी आली, वीज कधी आली, हे सारे लिहून ठेवावे.

२८/
गडावरचा बुरूज ढासळला तर बातमी होते, मोहिमा निघतात. तीन खणांचे घर पडले तर ट्रॅक्टरभर माती पांढरीवरून उचलली जाते आणि विषय संपतो. इनामगावच्या झोपड्या तीन हजार वर्षांनी वाचता आल्या, कारण त्यांची माती तेथेच राहिली. काँक्रीटचा राडारोडा आणि प्लास्टिक रंगाचे पोपडे पुढच्या संशोधकाला आजच्या काळाविषयीही काही सांगतील. मागच्या शंभर वर्षांविषयी मात्र काहीच सांगणार नाहीत. पुढचा मृग येईल तेव्हा गावातल्या जुन्या घराच्या छपरावर कुणीतरी चढेल. हातात काय घेऊन चढायचे, कौल की घण, हे ठरवण्याआधी त्या घराचा इतिहास एकदा विचारला जावा.

(समाप्त)